एकशे एकोणसत्तर दिवसांचे वर्ष

१४ ऑक्टोबर २०२४, सोमवार

ही डायरी डॉलर शॉपमध्ये अर्ध्या किमतीत मिळाली. साडेनऊ महिने उलटून गेल्यावर या वर्षाची डायरी कोण घेणार? मी घेतली. आमच्या विक्रीकर खात्यात साहेबांकडून उरलेली डायरी माझ्यापर्यंत पोचायची तेव्हा मार्च उजाडलेला असायचा, त्यामुळे मधूनच सुरुवात करायची मला सवय आहे.

आज धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि इथली, टोरंटोची, थँक्सगिव्हिंगची सुट्टी एकाच दिवशी आली. सगळे घरात. सकाळी त्रिशरण-पंचशील झाले, खीर झाली आणि खिरीनंतर मी सुनेला कंपनी काढायला लावली.

कल्याणीची इन्शुरन्स ऑफिसातली नोकरी ऑगस्टमध्ये गेली. तेव्हापासून ती बेसमेंटमध्ये शिलाई मशीन लावून लोकांच्या जॅकेटच्या झिपा दुरुस्त करते. या देशात सहा महिने सगळे जॅकेटात असतात आणि झीप बिघडली की तीनशे डॉलरचे जॅकेट फेकून देतात. काम इतके येऊ लागले की कंपनी काढायचे ठरले. पण ती म्हणाली, "जानेवारीत रजिस्टर करू, आई. मग फुल इयर मिळतं. शैलेंद्रनं पण तेच सजेस्ट केलंय." शैलेंद्र म्हणजे स्कारबरोचा तिचा अकाउंटंट, पुण्याचा आहे.

मी म्हटले, "बाबासाहेबांनी दीक्षा घ्यायला जानेवारीची वाट पाहिली होती का?"

माझा मुलगा राजरत्न विमानतळावर विमाने दुरुस्त करतो. बायको आणि आई यांच्या मध्ये काही बिघाड झाला की मात्र तो खीर वाढून घ्यायला उठतो. तसा तो उठला. कल्याणीने लॅपटॉप उघडला, पैसे भरले आणि अकरा चाळीसला "पुन्हा रिपेअर इंक." जन्माला आली. ओंटारिओ सरकारने सुट्टीच्या दिवशी अर्ध्या तासात कंपनी दिली. आमच्याकडे अर्ध्या तासात शिपाई जागेवर सापडत नसे.

मी ताबडतोब नवे रजिस्टर घेऊन वर लिहिले: "वर्ष, १४ ऑक्टोबर २०२४ ते ३१ मार्च २०२५." वर्ष मार्चमध्ये संपते हे मला कोणी सांगायला नको. कल्याणीने ते वाचले, काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "ओके आई. रेकॉर्ड तुम्हीच सांभाळा."

बरे झाले. बत्तीस वर्षांची माझी नोकरी कोणाच्या तरी उपयोगी पडेल. तशी सहा महिन्यांपुरतीच. ६ एप्रिलची माझी आणि माझे यजमान यादवराव यांची नागपूरची तिकिटे काढलेली आहेत, आणि या वेळी परत यायचे नाही असे मी ठरवले आहे. दोन वर्षांपूर्वी पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळाल्यापासून या घरात मला "आई, चहा घेणार?" याशिवाय कोणी काही विचारलेले नाही. मुले चांगली आहेत, तक्रार नाही. पण ठेवलेल्या सामानासारखे किती दिवस राहायचे?

१७ ऑक्टोबर, गुरुवार

कल्याणीने एका माणसाचे काळे जॅकेट दुसऱ्याला दिले. दोन्ही काळी, दोन्ही एकाच कंपनीची. पहिला माणूस दारात उभा राहून ज्या इंग्रजीत बोलला ते माझ्या नातीने, मैत्रेयीने, ऐकू नये म्हणून मी तिला स्वयंपाकघरात नेले. ती नऊ वर्षांची आहे, तिला सगळे कळते. "आजी, I already know those words," म्हणाली.

कल्याणी रडकुंडीला आली. मी रजिस्टर उघडले, डावीकडे आवक, उजवीकडे जावक अशा रेघा मारल्या. वस्तू दारातून आत आली की आवक क्रमांक, तारीख, नाव, रंग, काय बिघडले. तोच क्रमांक कापडाच्या तुकड्यावर लिहून वस्तूला टाचायचा. बाहेर गेली की जावक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही.

"आई, ॲपवर पण होतं हे," कल्याणी म्हणाली.

"ॲपवर सही कुठे करतात?"

"ॲपवर पण सही होते."

"मग जॅकेट कसे चुकले?"

आवक क्रमांक एक आजच टाकला: निळे जॅकेट, बाई चिनी, झिपेचे दात गेलेले.

९ नोव्हेंबर, शनिवार

यादवरावांना काम मिळाले. झिपेवर खालीवर सरकतो त्या तुकड्याला रनर म्हणतात. बहुतेक झिपांचा तोच बिघडलेला असतो. जुना रनर पकडीने काढायचा, नवा चढवायचा. वीजमंडळात चाळीस वर्षे तारा ओढलेला माणूस, आज एका बैठकीत सतरा रनर बदलून गाणे गुणगुणत होता. मी विचारले, एवढा कसला आनंद? म्हणाले, "इथं शॉक नाही लागत वं."

त्यांना हा देश आवडतो. फावड्याने बर्फ शोव्हल करायलासुद्धा आवडते. त्यांचे कसे होणार एप्रिलनंतर, हा विचार मनात आला. पण घर म्हणजे घर. चार दिवस कुरकुरतील, मग होईल सवय.

२३ नोव्हेंबर, शनिवार

जवळच्या डेकेअरमधून बेचाळीस स्नो पँट आल्या. सगळ्या जांभळ्या! सगळ्यांचे गुडघे फाटलेले. तिथल्या बाई म्हणाल्या, गेल्या वर्षी दुसरीकडे दिल्या होत्या, तर निम्म्या मुलांना एकमेकांच्या पँट मिळाल्या आणि आयांनी भांडणे केली.

मी आणि मैत्रेयीने आवक एकशे अकरा ते एकशे बावन्न टाकले. ती क्रमांक लिहिते, मी टाचते.

"आजी, why two numbers?"

"एक आल्याचा, एक गेल्याचा."

"What if it comes but never goes?"

"मग साहेब विचारतात, का अडकून पडले."

७ डिसेंबर, शनिवार

महापरिनिर्वाण दिनाचा कार्यक्रम आज हॉलमध्ये झाला. काल कामाचा दिवस होता म्हणून आज घेतला. कार्यक्रमानंतर वरण-भात खाताना कार्यक्रम घेणाऱ्या असोसिएशनच्या प्रिया मॅडम सगळ्यांना सांगत होत्या, "कल्याणीच्या सासूबाई टॅक्स ऑफिसर होत्या नागपूरला. घरचाच कन्सल्टंट!" तिघी बायका आपापल्या शंका घेऊन आल्या. मी "कायदा वाचून सांगते" असे म्हणून वेळ मारून नेली.

मी नाही म्हटले नाही. हे लिहून ठेवते.

८ जानेवारी २०२५, बुधवार

डायरीची डिसेंबरपर्यंतची पाने संपली, पण सुरुवातीची, जानेवारीपासूनची, कोरीच होती. वार खोडून नवे लिहिले की काम भागते. यादवराव म्हणाले, दोन डॉलरची डायरी तरी नवी घे. कशाला? चांगली साडेनऊ महिन्यांची पाने पडली आहेत.

डेकेअरच्या बाई स्वतः आल्या होत्या. बेचाळीसपैकी एकही पँट चुकली नाही म्हणून त्यांच्या आणखी दोन शाखांचे काम देतो म्हणाल्या. कल्याणीने मला मिठीच मारली. मी अवघडले, हातात सुया होत्या. आतापर्यंत खर्च वजा जाता नफा चार हजार सातशे डॉलर आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रेजिना शहरातून मिलिंदचा फोन आला, माझ्या बहिणीचा मुलगा. सरकारी नोकरीत आहे, रस्ते खात्यात, पण सरकारी माणसाला सरकारचे कळते. मी सहज सांगितले, आमचे वर्ष मार्चमध्ये बंद होते आहे.

"मार्चला? का बरं, मावशी? इथे तर कोणतीही तारीख चालते."

"कोणतीही?"

"कोणतीही. आणि वर्ष एक्कावन्न आठवड्यांपेक्षा लहान झालं ना, तर छोट्या कंपनीची टॅक्सची लिमिट दिवसांवर कमी करतात. प्रोरेट. माझ्या मित्राचं झालं होतं तसं."

फोन ठेवून मी बोटांवर आणि मग कागदावर मोजले. ऑक्टोबरचे अठरा, नोव्हेंबरचे तीस, मग एकतीस, एकतीस, अठ्ठावीस, एकतीस. एकशे एकोणसत्तर दिवस. लहान कंपनीला पाच लाख डॉलर नफ्यापर्यंत कराचा कमी दर आहे, फेडरल म्हणजे केंद्राचाही आणि ओंटारिओचाही. पाच लाख गुणिले एकशे एकोणसत्तर भागिले तीनशे पासष्ट. दोन लाख एकतीस हजार पाचशे सात.

म्हणजे दोन लाख अडुसष्ट हजार चारशे त्र्याण्णव डॉलरची सवलत माझ्या हट्टापायी गेली. तीन वेळा करून पाहिले, उत्तर तेच.

रजिस्टरप्रमाणे आजचा नफा पाच हजार नऊशे आहे. त्या बिचारीने एकेका झिपेवर अठरा-अठरा डॉलर जोडून कमावलेला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

जेवण गेले नाही. यादवराव म्हणाले, "जेवून काऊन नाही राहिली?" पित्त झाले असे सांगितले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बाहेर कमरेएवढे बर्फ. कल्याणी म्हणाली, "आई, मार्चच्या मिडलला शैलेंद्रकडे जाऊ या का? तुम्ही पण चला, रेकॉर्ड तुमचंच आहे." मी म्हटले, माझे काय काम तिथे? ती म्हणाली, "तुमच्याशिवाय मला काय कळतंय त्यातलं!"

इतका विश्वास माणसाने ठेवू नये.

२९ फेब्रुवारी

आज खरे तर १ मार्च, शनिवार. पण गेले वर्ष लीप होते, म्हणून या डायरीत २९ फेब्रुवारीचे पान आहे आणि या वर्षी तो दिवसच नाही. जो दिवस कोणत्याच हिशेबात येत नाही त्या पानावर हे लिहिते.

मी टॅक्स ऑफिसर नव्हते. मी बत्तीस वर्षे आवक-जावक कारकून होते. व्यापाऱ्यांची विवरणपत्रे यायची, मी शिक्का मारायचे, क्रमांक टाकायचे, योग्य टेबलाकडे पाठवायचे. आत काय लिहिले आहे ते मी एकदाही वाचलेले नाही. वाचायचा अधिकारही नव्हता. कोणाचा कर किती, सवलत कशी, हे आतले साहेब ठरवत. राजरत्नच्या लग्नाच्या बोलणीत यादवराव माझ्याबद्दल "बेबी विक्रीकरात आहे" एवढेच बोलले आणि व्याह्यांनी पुढचे आपल्या मनाने धरले. मला बरे वाटले होते. दहा वर्षे ते बरे वाटणे मी जपले.

आणि आता त्याच तोऱ्यात सुनेचे नुकसान करून बसले. जानेवारीत सुरू करू म्हणत होती पोरगी. मुकाट ऐकले असते तर पूर्ण वर्ष मिळाले असते.

माझ्या पेन्शनमधून भरपाई करायची म्हटली तर किती वर्षे लागतील तेही मोजले. एकशे पन्नासच्या वर जाते. स्कारबरोला गेल्यावर सगळे खरे सांगणार. त्यानंतर ६ एप्रिलपर्यंत तीन आठवडे काढायचे, मान खाली घालून निघूनही जाता येईल.

१५ मार्च, शनिवार

सकाळी निघालो. गाडीतच सांगून टाकावे म्हणून मी दोनदा सुरुवात केली, पण हायवेवर कल्याणी एवढी जोरात चालवते की पंचशील म्हणण्यातच वेळ गेला.

शैलेंद्रचे ऑफिस किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे, खालून कढीपत्त्याचा वास येतो. चाळिशीचा, गोरा, हसरा. चहा दिला. मी कपाला हात न लावता म्हटले, "आधी मला बोलू द्या."

आणि बोलले. मार्चचे, चौदा ऑक्टोबरचे, दोन लाख अडुसष्ट हजारांचे. शेवटी आवक-जावकचेही. हे बोलताना कल्याणीकडे पाहण्याची हिंमत झाली नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत बोलले.

शैलेंद्रने माझा कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "काकू, कंपनीचा प्रॉफिट किती आहे?"

"सहा हजार आठशे."

"आणि लिमिट कमी होऊन किती झाली?"

"दोन लाख एकतीस हजार पाचशे सात."

"मग अजून सव्वादोन लाख कमवा, त्यानंतर आपण दोघं बसून काळजी करू." आणि मोठ्याने हसला. "काकू, ती मर्यादा आहे. तेवढे पैसे कोणी देत नाही आणि कोणी नेत पण नाही. तुमचा प्रॉफिट सगळाच्या सगळा कमी दरात बसतोय."

माझ्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. महिनाभर पित्त म्हणून सांगितले होते, ते सगळे फुकट.

"पण वर्ष लहान झाले ना? अर्धवट?"

"अर्धवट नाही. कायद्यानं एकशे एकोणसत्तर दिवसांचं वर्षसुद्धा वर्षच असतं. त्याचं वेगळं, पूर्ण रिटर्न भरावं लागतं. आणि तुमची वर्ष संपायची तारीख अजून पक्की कुठे झालीय? पहिलं रिटर्न भरेपर्यंत कंपनी आपली तारीख निवडू शकते. मी कल्याणीला ऑक्टोबरमध्येच सांगितलं होतं हे."

मी कल्याणीकडे पाहिले. ती चहात बिस्किट बुडवत होती, ते तुटून आत पडले.

"तुला माहीत होते?"

"हो आई."

"आणि मी आवक-जावकला होते, ते?"

"राजरत्ननं लग्नाआधीच सांगितलं होतं."

"मग माझ्याकडे रेकॉर्ड कशाला दिले?"

"कारण मला ते जमणार नव्हतं. तीन दिवसांत मी लोकांची जॅकेट मिक्स केलीच ना! मला ऑफिसर नको होता, आई. मला आवक-जावक पाहिजे होतं." तिचा आवाज जरा चढला होता, डोळ्यांत पाणी होते. "तुम्ही रोज खाली येऊन बसायला लागलात. बाबा गाणी म्हणायला लागले. मार्च तर मार्च. मी कशाला चेंज करू?"

शैलेंद्रने तेवढ्यात रजिस्टर ओढून घेतले आणि पाने उलटत बसला. प्रत्येक पावतीवर आवक क्रमांक, प्रत्येक बिलाला जावक क्रमांक, एकही खाडाखोड सहीशिवाय नाही. म्हणाला, "माझे क्लायंट बुटांच्या खोक्यात पावत्या भरून आणतात. त्यात कधी कधी बूट पण असतो."

परतताना कल्याणीने गाडी हळू चालवली.

१६ मार्च, रविवार

यादवरावांना सगळे सांगितले. ते रनर बदलत होते. "म्हंजे महिनाभर तू पित्ताच्या नावानं मले भाकरीऐवजी मऊ भात खाऊ घालून राहिली होती," एवढेच म्हणाले.

खूप वर्षांनी एवढी हसले.

३१ मार्च, सोमवार

वर्ष बंद. खात्यात असताना या दिवशी रात्री उशिरापर्यंत बसायचो, समोसे यायचे. आज संध्याकाळी पाचलाच आटोपले. आवक तीनशे अठ्ठ्याण्णव, जावक तीनशे शहाण्णव. दोन जॅकेटांचे मालक फिरकलेच नाहीत. मैत्रेयीने समोसे आणवले. मी तिला कधीतरी समोशांचे सांगितले होते, ते तिने लक्षात ठेवले.

कल्याणीने विचार करून तारीख मार्चचीच ठेवली. थंडीचे काम मार्चमध्ये उतरते, तेव्हा हिशेब मिटवायला हीच वेळ बरी, असे शैलेंद्रचेही मत पडले. म्हणजे माझा हट्ट चुकीच्या कारणाने का होईना, बरोबर निघाला. हे मी मोठ्याने बोलले नाही.

समोसा खाताना ती म्हणाली, "आई, तीन महिन्यांत टॅक्स भरायचा, सहा महिन्यांत रिटर्न. सप्टेंबर एंड. शैलेंद्र काही विचारेल तेव्हा कोणता कागद कुठे आहे ते मला नाही सांगता येणार."

"सगळे लिहिलेले आहे."

"तुमचं अक्षर मला वाचता येत नाही."

माझे अक्षर साहेब लोक वाखाणत असत! मी तसे सांगणार होते, पण तिचा चेहरा पाहिला आणि थांबले. ती समोशाच्या कडा खात नव्हती, नुसत्या मोडत होती.

"पुढचं वर्ष तीनशे पासष्ट दिवसांचं आहे," ती म्हणाली. "फुल इयर. मला एकटीला नाही करायचंय ते."

मैत्रेयी म्हणाली, "आजी, you came but you don't have to go." आणि माझ्या ताटातला समोसा उचलून पळाली.

मी उठून हात धुवायला गेले आणि नळ बराच वेळ चालू ठेवला. मला इथे कोणी काही विचारत नाही असे मी याच डायरीत लिहिले होते. मागची पाने काढून वाचली. सगळे मलाच तर विचारत होते, रोज, कोणते जॅकेट कुठे आहे म्हणून.

रात्री यादवरावांना म्हटले, सहा तारखेच्या बॅगा भरायला घ्यायच्या का? ते म्हणाले, "मी तर मे महिन्यासाठी टमाट्याचं बियाणं मागवून बसलो. जानेवारीतच."

१ एप्रिल, मंगळवार

नवे रजिस्टर उघडले. वर लिहिले: "वर्ष, १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६." मोजून पाहिले, पूर्ण तीनशे पासष्ट.

राजरत्नने सकाळी एअरलाइनला फोन केला. थोडे पैसे कापून घेतात, घेऊ देत.

आवक क्रमांक एक: टमाट्याचे बियाणे, पाकिटे चार, यादवरावांच्या नावे.

जावक क्रमांक एक: तिकिटे दोन, टोरंटो ते नागपूर. शेरा: रद्द. सही माझी.

डायरीची उद्यापासून तेरा ऑक्टोबरपर्यंतची पाने कोरी आहेत. वार खोडून घेते.